मॉनिटरवरचा रिदम ओळखता येत नाही? नाव राहू दे, आधी मोज

तू लिहिलंयस की बीएस्सी नर्सिंग झालं, दोन महिन्यांपूर्वी सीसीयूत, म्हणजे हार्टच्या पेशंटच्या आयसीयूत लागलीस, घरी भिंतीवर रिदमचा, म्हणजे हार्टच्या ठोक्यांच्या तऱ्हांचा चार्ट लावून पंधरा-वीस रिदम तोंडपाठ केलेस, पण ड्युटीवर मॉनिटरकडे बघितलं की चार्टसारखं काहीच दिसत नाही. आणि रात्री डॉक्टरांना फोन करायची धास्ती वाटते, कारण चुकीचं नाव सांगितलं की ते ओरडतात. शेवटी विचारलंयस की एखादा कोर्स लावू का. मी २४ वर्षं या लाइनमध्ये आहे, त्यातली बरीचशी परळकडच्या सीसीयूत गेली, माझी मुलगी तुझ्याच वयाची आहे म्हणून अगं-तूगं करते, राग मानू नकोस.

आधी हे सांगते की तुझी अडचण पाठांतराची नाहीये. तू चित्रं जुळवायला जातेयस आणि तिथेच अडकतेयस. चार्टवरचा रिदम म्हणजे लग्नाच्या अल्बममधला माणूस, नटूनथटून सरळ कॅमेऱ्याकडे बघणारा. मॉनिटरवर तोच माणूस तुला सकाळी साडेआठला दादरच्या पुलावर भेटतो, घामाघूम, अर्धा चेहरा गर्दीत. चेहऱ्यावरून कसा ओळखणार? पण आपल्या घरचा माणूस आपण पाठमोरा असला तरी लांबून ओळखतो ना, चालीवरून. रिदमचं तसंच आहे, तो आकारात नसतो, चालीत असतो, म्हणजे कशानंतर काय येतंय आणि किती वेळाने येतंय. आणि चाल बघायची तर मोजावं लागतं. नाव सगळ्यात शेवटी येतं, बऱ्याचदा तर नाव द्यायचं काम तुझं नसतंच.

अर्थात बरंच काही परिस्थितीवर आहे हे मी मान्य करते. तुमच्याकडे मॉनिटरवर एकच लीड, म्हणजे ईसीजीची रेघ, दिसते का दोन, स्ट्रिप, म्हणजे त्या रेघेची कागदी पट्टी, छापून मिळते का नुसती स्क्रीनच आहे, रात्री सीनियर सिस्टर शेजारी असते का तू एकटी ४ बेड सांभाळतेस, यावर शिकण्याचा वेग ठरतो. पेशंटवर तर अजून जास्त. रेट मिनिटाला ४६, सगळे पी, म्हणजे हार्टच्या वरच्या कप्प्यांच्या छोट्या लाटा, व्यवस्थित, हे डेंग्यू उतरत आलेल्या पोराला दिसलं आणि तो मस्त बसून जेवतोय तर मी शांत असते, पावसाळ्यात असे पुष्कळ बघितलेत. तोच ४६ चा रेट, पी गायब आणि क्यूआरएस, म्हणजे खालच्या कप्प्यांची टोकदार लाट, रुंद, डायलिसिस चुकलेल्या पेशंटला दिसला तर मी पोटॅशियम वाढलंय असंच धरून पळते. आणि बिट्टीच्या बिया, म्हणजे पिवळी कण्हेर, पोटात गेलेला पेशंट असेल तर त्यातलं विष डिगॉक्सिन या हार्टच्या औषधासारखंच हार्टवर काम करतं, तिथे आत्ता दिसणारा साधा ब्लॉक, म्हणजे वरच्या कप्प्यांचा निरोप खाली पोचण्यातला अडथळा, तासाभरात कुठे जाईल ते सांगता येत नाही. म्हणून नुसत्या स्ट्रिपचा फोटो पाठवून कुणी मला विचारलं की हे काय आहे, तर माझा पहिला प्रश्न असतो, पेशंट कोण आहे आणि आत्ता काय करतोय.

त्यामुळे माझ्या क्रमात पहिला नंबर पेशंटचा. एक प्रसंग सांगते. पहाटे पाचच्या सुमाराला ७ नंबर बेडचा लाल अलार्म वाजला, स्क्रीनवर रुंद रुंद लाटा आणि मशीन ओरडतंय व्ही-टॅक, म्हणजे व्हीटी, खालच्या कप्प्यांतून सुटलेला धोक्याचा वेगवान रिदम. नवीन सिस्टर शॉक द्यायच्या मशीनची, डिफिब्रिलेटरची ट्रॉली ओढतच धावली, पडदा सारला तर आजी भिंतीकडे तोंड करून बसलेल्या आणि उशीखाली लपवून आणलेल्या डबीतली मिसरी बोटाने दाताला घासतायत. हात थांबला, लाटा थांबल्या. ती पोरगी रडायलाच आली होती. तिला मी ती स्ट्रिप छापून घ्यायला लावली आणि दोघी कॉफी घेऊन बसलो. नीट बघितलं तर त्या लाटांच्या आत बारीक टोकदार रेघा दिसत होत्या, अगदी सारख्या अंतरावर, लाटा यायच्या आधी जे अंतर होतं तेच लाटांच्या मध्ये आणि तेच लाटा संपल्यावर. म्हणजे आजींचं हार्ट आपलं आपल्या चालीने चाललं होतं, वरचा गोंधळ हाताचा होता. आणि स्क्रीनवर खाली एसपीओटूची, म्हणजे बोटाला लावलेल्या ऑक्सिजनच्या क्लिपची लाट जशीच्या तशी चालू होती, खरा व्हीटी त्या रेटने आला असता तर ती लाट बदलली असती, दबली असती. तेव्हापासून मी प्रत्येक नवीन मुलीला सांगते, अलार्म झाला की आधी माणूस, मग एसपीओटूची लाट, मग ईसीजी.

हेच उलट्या बाजूनेही लागू आहे. सरळ रेघ दिसली तर बहुतेकदा वायर निघालेली असते, पण ते स्क्रीनकडे बघून ठरवायचं नाही, बेडपाशी जाऊन हाक मारून आणि नाडी बघून ठरवायचं. हाकेला उत्तर नाही, नाडी नाही, तर रिदमचं नाव शोधत उभं राहायचं नाही, ओरडून मदत मागवायची आणि छातीवर हात ठेवून सीपीआर सुरू करायचा.

इलेक्ट्रोडचंही आत्ताच बोलून घेते, कारण निम्मा त्रास तिथलाच असतो. मे महिन्यात नाहीतर लाइट गेल्यावर पेशंटला इतका घाम येतो की इलेक्ट्रोड चिकटल्यासारखा दिसतो पण खालची जेल सुकलेली असते. कातडी कोरडी पुसायची, केस असतील तर काढायचे, हाडावर लावायचा नाही, आणि रोज बदलायचा. बेसलाइन सगळीकडून एकसारखी बारीक थरथरलेली दिसली तर ती बहुधा आपल्या ५० हर्ट्झच्या विजेची असते, शेजारचा पंप किंवा पलंगाची मोटर बंद करून बघायची. खराब ट्रेसवर डोकं चालवण्यात अर्थ नाही.

आता मोजणं. कागद २५ मिलिमीटर प्रति सेकंद वेगाने धावतो, म्हणून छोटा बॉक्स ०.०४ सेकंद, मोठा बॉक्स ०.२० सेकंद. हे तुला येतंच, पण तुमच्या मॉनिटरचा स्पीड खरंच २५ वर आहे का ते ड्युटीला लागल्यावर बघ, कुणीतरी १२.५ करून ठेवतं आणि मग सगळंच आखडलेलं, वेगवान वाटायला लागतं. रेट मशीनने सांगितलेला लिहायचा नाही, आपण काढायचा. बीट सारख्या अंतरावर असतील तर दोन आर, म्हणजे क्यूआरएसची टोकं, यांच्या मधले मोठे बॉक्स मोज आणि ३०० ला भाग, दोन बॉक्स असतील तर १५०, तीन असतील १००, चार ७५, पाच ६०. अंतरं वाकडीतिकडी असतील तर ३० मोठे बॉक्स म्हणजे ६ सेकंद, त्यातले क्यूआरएस मोज आणि १० ने गुण. मशीन का चुकतं, तर उंच टी वेव्हला, म्हणजे क्यूआरएसनंतर येणाऱ्या लाटेला पण ते बीट समजून मोजतं, मग ४५ चे ९० होतात आणि अलार्म वाजतच नाही. पोटॅशियमच्या पेशंटला नेमकं हेच होतं.

मग अंतर सारखं आहे का नाही. हे डोळ्याने ठरवू नकोस, डोळा फसतो. तुझ्या शाळेच्या कंपासपेटीतला डिव्हायडर घरी कुठेतरी पडला असेल तो घेऊन ये. दोन टोकं दोन आर वर ठेव आणि तसाच उचलून पुढच्या बीटवर, मग त्याच्या पुढच्यावर चालवत ने. डिव्हायडर नसेल तर कोऱ्या कागदाची कड स्ट्रिपवर धर, पेनाने तीन आरच्या खुणा कर आणि कागद सरकवत जा. रेट १४० असताना एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे वरचे कप्पे नुसते थरथरतात तो रिदम, डोळ्याला अगदी सरळ रेग्युलर वाटतं, कागदाची कड सरकवली की एकही खूण जागेवर बसत नाही, एक आधी एक नंतर, कसलाच नेम नाही. तिथे पी पण सापडणार नाही, नुसती लवलवती बेसलाइन. अशा पेशंटची नाडी पूर्ण एक मिनिट मनगटावर मोज, मॉनिटर १३० म्हणेल आणि हाताला ९५ लागतील, कारण काही बीट इतके लवकर पडतात की हार्ट भरायच्या आतच आकसतं आणि मनगटापर्यंत काही पोचतच नाही. दोन्ही आकडे लिहून ठेव.

यानंतर पी शोधायचा, आणि इथे घाई करायची नाही. मी तर म्हणेन रिदम शिकणं म्हणजे ऐंशी टक्के पी शोधणं आहे. लीड टू मध्ये पी वर उचललेला, प्रत्येक क्यूआरएसच्या आधी एक, आणि पीपासून क्यूआरएसपर्यंत ३ ते ५ छोटे बॉक्स, एवढं जमलं की सायनस, म्हणजे हार्टची नेहमीची चाल. पण पी लपतो. टी वेव्हच्या पोटात बसतो, क्यूआरएसच्या शेपटीला चिकटतो. एखादा टी बाकीच्या टी पेक्षा टोकदार किंवा दुभंगलेला दिसला तर त्यात पी असणार हे धरून चाल. स्पष्ट दिसणारे दोन पी पकड, डिव्हायडर त्यांच्यावर लाव आणि पुढे चालवत ने, जिथे टोक पडेल तिथे नीट बघ.

यावर एक केस सांगते. ऑपरेशन होऊन दोन दिवस झालेले काका, रेट १५०. सगळे म्हणाले दुखतंय, ताप आहे, सायनस टॅकी, म्हणजे नेहमीचीच चाल पण वेगात, असेल. पेनकिलर दिलं, फ्लुइड दिलं. मी रात्री ८ ला चार्ज घेतला आणि मागच्या शिफ्टचा चार्ट बघितला तर दर तासाला १५०, १४९, १५०, १५१. झोपेत १५०, ड्रेसिंग करताना पण १५०. सायनस असा कधी खिळून बसत नाही गं, तो माणसाबरोबर वरखाली होतो, ताप उतरला की दहा-वीसने खाली येतो, बसवलं की चढतो. लीड टू ची लांब स्ट्रिप काढली आणि उलटी धरून बघितली, तर करवतीच्या दातांसारखे दात दिसायला लागले, एक क्यूआरएसच्या आधी आणि एक टीच्या जागी. एट्रियल फ्लटर, वरच्या कप्प्यांत ३०० ने फिरतंय आणि त्यातला एक सोडून एक खाली येतोय म्हणून १५०. फोनवर मी फ्लटर म्हटलं नाही, मी म्हटलं सर, रेट सकाळपासून १५० ला चिकटलाय, हलत नाही, क्यूआरएस बारीक आहे, आणि मला दोन क्यूआरएसच्या मध्ये एक जादा पी दिसतोय. ते बारा लीडचा ईसीजी काढ म्हणाले आणि पाच मिनिटांत वर आले.

पी सापडला की त्याचं क्यूआरएसशी नातं बघ. सगळे ब्लॉक या एका प्रश्नात येतात, ते वेगवेगळे पाठ करायची गरज नाही. अंतर लांब पण दर वेळी तेवढंच, आणि एकही क्यूआरएस चुकत नाही, तर फर्स्ट डिग्री. अंतर दर बीटला थोडं थोडं वाढत जातं आणि मग एक क्यूआरएस गळतो, तर वेंकेबाख. अंतर अजिबात वाढत नाही आणि अचानक क्यूआरएस गळतो, तर मोबिट्झ टू, आणि हा दिसला की पेसमेकरची ट्रॉली कुठे आहे ते बघून ठेवायचं कारण हा कधीही पूर्ण ब्लॉकमध्ये जाऊ शकतो. पी आपल्या ८० च्या चालीने आणि क्यूआरएस आपल्या ३५ च्या चालीने, दोघांचा एकमेकांशी काही संबंधच नाही, तर कंप्लीट हार्ट ब्लॉक. वेंकेबाख हे डच डॉक्टर होते आणि त्यांनी हा प्रकार १८९९ मध्ये सांगितला, म्हणजे आइन्थोवेन यांचं ईसीजी मशीन यायच्याही आधी. समोर पी नाही, क्यूआरएस नाही, फक्त नाडीचा आलेख आणि त्यातली अंतरं, तेवढ्यावरून त्यांनी ओळखलं की वरचा निरोप खाली पोचायला दर वेळी जरा जास्त वेळ लागतोय आणि मग एक निरोप पोचतच नाही. मला हे जेव्हा पहिल्यांदा कळलं तेव्हा अंगावर काटा आला होता, आपल्याकडे तर स्क्रीन आहे, प्रिंट आहे, सगळं आहे.

राहिला क्यूआरएस. तीन छोट्या बॉक्सपेक्षा कमी असेल तर बारीक, तीन किंवा जास्त असेल तर रुंद. इथे मी माझी चूक सांगते, कारण तुझ्या फोनच्या भीतीचं उत्तर त्यात आहे. सीसीयूत पाच-सहा वर्षं झाली होती, मला सगळं येतं असं वाटायचं. साधारण साठीचा पेशंट, दोन वर्षांपूर्वी अटॅक येऊन गेलेला, अचानक रेट १६०, रेग्युलर. पेशंट उठून बसलेला, मला म्हणतोय सिस्टर जरा चहा मिळेल का, बीपी ११०. मी फोनवर सांगितलं, सर एसव्हीटी आहे, पेशंट कम्फर्टेबल आहे. झालं, एसव्हीटी, म्हणजे वरच्या भागातून येणारा, बहुधा कमी धोक्याचा वेगवान रिदम, ऐकल्यावर ते शांत झाले, मी पण शांत झाले, खाली दुसरा पेशंट आला होता तो बघून येतो म्हणाले. अर्ध्या तासाने बीपी ७० ला आलं आणि पेशंट घामाने निथळायला लागला. तेव्हा स्ट्रिपवर बोट ठेवून मोजलं तर क्यूआरएस चार बॉक्स रुंद. व्हीटी होता. शॉक दिला, माणूस वाचला, पण त्या रात्री मी लोकलने घरी गेले नाही, पहाटेपर्यंत तिथेच बसून राहिले.

चूक कुठे झाली ते बघ. नाव चुकलं हा भाग छोटा. मी नाव दिलं आणि बघितलेलं सांगितलंच नाही, हा भाग मोठा. रेट १६०, रेग्युलर, क्यूआरएस चार बॉक्स, जुना अटॅक, एवढंच बोलले असते तर समोरचा डॉक्टर जिना चढत आला असता, मला नाव येवो न येवो. आणि बोलतोय, बसलाय, बीपी चांगलं आहे म्हणजे व्हीटी नाही, हा समज मनातून काढून टाक, व्हीटी असलेला माणूस चहा मागू शकतो. रुंद, वेगवान, रेग्युलर, हे तीन एकत्र दिसले तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत तो व्हीटीच. एसव्हीटी समजून व्हेरापामिलसारखं औषध अशा पेशंटला गेलं तर बीपी पार कोसळू शकतं.

म्हणून फोनवर काय बोलायचं ते कागदावर लिहून घेत जा, निदान पहिले सहा महिने. बेड नंबर, पेशंटला काय झालेलं, आत्ता शुद्धीत आहे का, बीपी, रेट किती आणि आधी किती होता, रेग्युलर का नाही, क्यूआरएस बारीक का रुंद, पी दिसतोय का. मग शेवटी म्हण, सर मला अमुक वाटतंय पण खात्री नाही, तुम्ही येऊन बघा. असं सांगितल्यावर कुणी ओरडत नाही. आणि ओरडलाच एखादा, तर ओरडू दे, तू मोजलेले आकडे चार्टवर वेळेसकट लिहिलेले आहेत.

रोजचा सराव मी असा करून घेते. एक १०० पानी वही कर. प्रत्येक ड्युटीला एक स्ट्रिप, पेशंटचं नाव-नंबर कापून टाकायचं आणि ठेवायच्या आधी विचारायचं. थर्मल कागदावरची छपाई हळूहळू फिकी पडते, म्हणून झेरॉक्स काढून चिकटव. खाली रेट, अंतर, पी, पीआर (पीपासून क्यूआरएसपर्यंतचं अंतर), क्यूआरएस, नातं एवढं लिही आणि नावाची जागा रिकामी सोड. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या नोटमध्ये किंवा बारा लीडच्या रिपोर्टमध्ये बघून नाव भर. पहिल्या तीस स्ट्रिप नॉर्मल पेशंटच्याच घे. कंटाळवाणं वाटेल, पण नॉर्मल किती तऱ्हेचं असतं ते कळल्याशिवाय वाकडं डोळ्यात भरत नाही, तरुण मुलाचा रेट श्वासाबरोबर कमीजास्त होतो हे बघितलं नसेल तर त्यालाच तू एट्रियल फिब्रिलेशन म्हणशील. फोनवरची ॲप ट्रेनमध्ये वेळ जायला ठीक आहेत, पण त्यात सगळ्या स्ट्रिप धुतलेल्या असतात, घाम नाही, खोकला नाही, मिसरी नाही.

कोर्सबद्दल. एसीएलएस, म्हणजे हार्ट बंद पडणं वगैरे इमर्जन्सीत पुढचे उपचार शिकवणारा कोर्स, कर, पण आत्ता नको, वहीत साठ-सत्तर स्ट्रिप झाल्यावर कर. दोन दिवसांत ते तुला रिदम शिकवत बसत नाहीत, रिदम येतो असं धरून पुढे काय करायचं ते शिकवतात, आणि पैसे पण बरेच जातात. सीपीआरचं म्हणजे बीएलएस झालं नसेल तर ते मात्र या महिन्यातच करून घे. त्याच्याआधी उद्या ड्युटीला जाताना डिव्हायडर घेऊन जा आणि तुझ्या चारही बेडच्या स्ट्रिप काढ, अलार्म वाजायची वाट बघू नकोस. कुठली अडली तर मोजलेलं सगळं लिहून पाठव, आपण बसून बघू.